हिमालयन ४११ ची उंची कमी करायची आहे: सीट, प्रीलोड की लिंक?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, बीएस-६. चालवणार धाकटी बहीण. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. भिंतीला पाठ लावून, पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर दाबून मोजलेला आतला पाय अनवाणी ७० सेंमी. वापर खानापूर-बेळगाव रोजचा, पावसाळ्यात जांबोटीकडचा लाल चिखल, कधीतरी चोर्ला घाट.

सीट ८०० मिमी. आत्ता दोन्ही पायांची जेमतेम बोटं टेकतात. मेस्त्री म्हणतोय, मागची लिंक (मागचं चाक आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या पट्ट्या) बदलून दोन इंच खाली घेऊन देतो, एका दुपारचं काम. करून टाकावं का? आणि त्याबरोबर दुसरं काय काय बदलावं लागतं?

उद्यमबाग_लेथ

लिंक आम्हीच बनवून देतो, तरी सांगतो की त्याला हात सगळ्यात शेवटी लावा.

दोन इंच म्हणजे ५० मिमी. या गाडीचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) १४६५ मिमी. मागून ५० काढले आणि पुढं काहीच केलं नाही, तर गाडी मागं जवळजवळ २ अंश झुकते. म्हणजे हँडलचा कोन २ अंशांनी पसरतो, ट्रेल (हँडलच्या रेषेपेक्षा पुढचं चाक जमिनीला जेवढं मागं टेकतं ते अंतर) १४-१५ मिमीनं वाढतो, गाडी वळायला जड होते आणि पुढचं चाक हलकं पडतं. हेडलाइटचा झोत १० मीटरवर ३५ सेंमी वर जातो, समोरून येणारा शिव्या घालतोय की नाही बघा. ग्राउंड क्लिअरन्स मुळात २२० मिमी, त्यातला इंजिनाखालचा भागही खाली येतो. एवढं सगळं देऊन मिळवायचं काय, तर पाय टेकणं. मग आधी पायाला किती मिमी कमी पडतात तेवढं काढूया, आकडे ढोबळ आहेत.

८०० हा आकडा रिकाम्या गाडीचा. ५२ किलो बसल्यावर मागचा-पुढचा शॉकअप दबून सीट २०-२५ मिमी खाली येते, फोम आणखी १० दबतो. म्हणजे बसल्यावर सीट ७६५ ते ७७०. तिकडं पाय ७०० अधिक बुटाचा तळवा २५, झाले ७२५. फरक ४०-४५ मिमी. पण पाय सरळ खाली लोंबत नाहीत. सीटच्या रुंदीवरून बाहेर फाकून मग खाली येतात, त्यात ३०-३५ मिमी जातात. म्हणजे टाच टेकायला ७० ते ८० मिमी कमी. टाच उचलून चवड्यावर उभं राहिलं की साधारण ६० भरून निघतात, म्हणून आत्ता बोटं टेकताहेत.

ताईंना दोन्ही टाचा सपाट टेकायची गरज नाही. दोन्ही चवडे घट्ट, किंवा एक पाय पूर्ण आणि दुसरा ब्रेकवर, एवढं झालं तर १९९ किलोची गाडी सांभाळता येते. त्यासाठी ३० ते ३५ मिमी पुरतात आणि ते एकही बोल्ट न बदलता निघू शकतात. सीट आणि प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब.

जांबोटीकर

प्रीलोडनं खरंच फरक पडतो? मेस्त्री म्हणतो ते फक्त मऊ-कडक करायला असतंय.

उद्यमबाग_लेथ

स्प्रिंग मऊ-कडक होत नाही प्रीलोडनं. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, बदलते ती गाडी कुठल्या उंचीवर बसते ती जागा. आणि आपल्याकडच्या गाड्यांचं स्प्रिंग चालवणारा, मागं बसणारा आणि वर सामान असं धरून बसवलेलं असतं. ५२ किलोच्या माणसाखाली ते पुरेसं दबतच नाही. कमी उंचीच्या हलक्या माणसाला दुहेरी मार बसतो तो इथं.

मोजायचं असं. गाडी सेंटर स्टँडवर, मागचं चाक लटकलेलं. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या चॅसिसवर चिकटपट्टीची एक खूण करा, ते अंतर म्हणजे पहिलं माप. मग गाडी स्टँडवरून काढून, दोन-तीनदा मागून दाबून सोडा आणि सरळ उभी धरून त्याच दोन खुणांमध्ये दुसरं माप. तिसरं माप ताई बूट-हेल्मेटसकट नेहमीसारख्या बसल्यावर, दोन्ही पाय फूटरेस्टवर. एकानं गाडी पुढून धरायची, एकानं मोजायचं. टेप ॲक्सलपासून तिरका धरला की ५ मिमीची चूक होते, तेवढं बघा.

पहिलं वजा तिसरं हे एकूण ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वर-खाली हालचालीच्या) ३० ते ३३ टक्के हवं. मागचा ट्रॅव्हल १८० मिमी, म्हणजे ५४ ते ६०. पहिलं वजा दुसरं १० ते १८ च्या आसपास.

जांबोटीकर

मोजलं. पहिलं ५८२, दुसरं ५७०, तिसरं ५४४.

उद्यमबाग_लेथ

म्हणजे बसल्यावर ३८ मिमी. ५४ हवेत. १६ मिमी तुमच्या हक्काचे आहेत आणि ते कंपनीनं अडकवून ठेवलेत.

मागच्या शॉकअपवर स्प्रिंगच्या डोक्यावर दोन रिंगा आहेत, एक लॉकची आणि एक स्प्रिंगला टेकलेली. आधी त्या भागावर डिझेल किंवा डब्ल्यूडी मारून ब्रशनं आट्यातला चिखल काढा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे खराब होतात. हूक पाना लावा, छिन्नी-हातोडा नको. लॉकरिंग सैल करून खालची रिंग वर घ्यायची, म्हणजे स्प्रिंग सैल होतं. शॉकअपच्या हालचालीपेक्षा चाकाची हालचाल जास्त असते. ते प्रमाण समजा अडीच असेल, तर रिंग ४ मिमी सैल केली की चाकाजवळ १० मिमी गाडी बसते. सुरुवातीची रिंगची जागा व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवा, रंगाचा एक ठिपकाही द्या.

थांबायचं कुठं? सेंटर स्टँडवर चाक लटकलेलं असताना स्प्रिंग हातानं फिरायला लागलं किंवा खुळखुळलं तर जास्त सैल झालं, तिथून दोन आटे परत. आणि पहिलं वजा दुसरं २०-२२ च्या वर गेलं, म्हणजे गाडी रिकामीच जास्त बसायला लागली, तरीही परत. बहुतेक १० मिमीच्या आसपास मिळतील. फुकटातले आहेत, घ्या.

वडगाव_सीटकाम

सीटचं मी सांगतो. बहुतेक लोक येऊन म्हणतात, "वरून दोन इंच कापा." तसं केलं तर अर्ध्या तासात खालचा प्लास्टिकचा बेस लागायला लागतो.

आधी रुंदी, मग उंची. टाकीजवळचा पहिला १५० ते १८० मिमीचा भाग दोन्ही बाजूंनी २०-२० मिमी तासा. कडा काटकोनात सोडू नका, गोल उतरत्या करा, कारण मांडी त्या कडेवरूनच खाली जाते. फक्त एवढ्यानंच पाय १५ मिमीच्या आसपास जास्त पोहोचतो आणि बसायच्या जागेचा फोम जसाच्या तसा राहतो. लेथवाल्यांनी ३०-३५ मिमी फाकण्यात जातात म्हटलंय, त्यातले अर्धे इथं परत येतात.

मग उंची. बसल्यावर बैठकीची दोन हाडं जिथं टेकतात तिथं बेसपासून फोम किती आहे ते विणायची सुई घुसवून बघा. उरलेला फोम ४५ मिमीच्या खाली जाता कामा नये. या सीटमधून साधारण २० मिमी आरामात निघतात. रेक्झिनवर स्केचपेननं रेषा मारताना ताई गाडीवर बसलेल्या असू द्या, सीट टेबलावर ठेवून अंदाजानं रेषा मारली की खड्डा मागं-पुढं होतो. खड्डा चमच्यासारखा खोल करू नका. त्यात माणूस एकाच जागी अडकतो आणि उतारावर ब्रेक मारला की टाकीवर घसरतो.

फोम कापायला हॅकसॉचं पातं हातात धरून, फिनिशिंगला ग्राइंडरवर ६० नंबरची फ्लॅप डिस्क, हलक्या हातानं. ग्राइंडर एका जागी थांबला तर फोम वितळून गोळा होतो. ज्या ठिकाणी कमी केलं तिथं वरचा १० ते १५ मिमीचा थर रिबॉन्डेड फोमचा द्या, म्हणजे तुमचा मूळ फोम त्या हिशेबानं जास्त काढावा लागेल. रिबॉन्डेड कमी जाडीत जास्त वजन झेलतो. चिकटवायला एसआर (सिंथेटिक रबरचं सोल्यूशन), दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. ओलं असताना चिकटवलं तर उन्हात फुगा येतो.

आता आपल्याकडचं महत्त्वाचं. खानापूर-जांबोटीचा पाऊस शिलाईतून आत जातो. फोमवर आधी पातळ प्लास्टिकचा कागद, मग रेक्झिन. शिलाई बसायच्या जागेवर येऊ देऊ नका, आडवी शिलाई टाळाच. पिना ६ मिमीच्या. १० च्या मारल्या तर बेस तडकतो. आधी पुढचं टोक, मग मागचं ताणून, शेवटी बाजू. गल्लीतला कुशनवाला उलट करतो, आधी बाजू ठोकतो, मग पुढं सुरकुत्या येतात.

मूळ सीट कापायची नसेल तर जुनी बेस-फोमसकट सीट घेऊन ती तासा. विकताना मूळ सीट लावून गाडी द्यायला बरं पडतंय.

निपाणी_बुलेट

एवढा व्याप कशाला? आमच्याकडं मागच्या स्प्रिंगचे दोन वेटोळे गॅसनं कापून सोडतात. क्लासिकला तर सर्रास.

उद्यमबाग_लेथ

कापतात, आणि मग सील फुटलं म्हणून शॉकअप आणून टाकतात. स्प्रिंगचे वेटोळे कमी झाले की ते कडक होतं. १६ वेटोळ्यांचं स्प्रिंग १४ चं केलं तर १४ टक्के जास्त कडक. ५२ किलोच्या माणसाला आधीच कडक असलेलं आणखी कडक करून देताय. गॅसनं कापलेल्या टोकाचं पाणी, म्हणजे स्टीलचा चिवटपणा, उतरतं, ते वेटोळं दबून बसतं. मूळ टोक घासून सपाट केलेलं असतं, कापलेलं तसं नसतं, म्हणून स्प्रिंग सीटवर वाकडं बसतं आणि रॉडला बाजूनं रेटतं. तेल तिथूनच गळायला लागतं. स्प्रिंग तापवून बसवणं हा त्याहून वाईट प्रकार, ते कधी किती बसेल ते तापवणाऱ्यालाही माहीत नसतं.

क्लासिकसारख्या दोन शॉकअपवाल्या गाडीत रस्ता सरळ आहे: कमी लांबीची जोडी. लांबी दोन्ही डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची. शॉकअप तिरका असतो आणि ॲक्सलच्या जरा पुढं बसतो, म्हणून २० मिमी छोटी जोडी टाकली तर चाकाजवळ २५ च्या आसपास गाडी खाली येते. जोडी घेताना स्ट्रोकही विचारा. लांबी कमी पण स्ट्रोक तेवढाच असेल तर पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला लागणार. डोळ्यातल्या बुशचं माप, आणि चेनगार्ड-सायलेन्सरला स्प्रिंग लागतंय का, हेही बघून घ्या. जोडीतला एकच शॉकअप बदलणं म्हणजे चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) पिळवटणं.

चिकोडी_काळीमाती

जांबोटीकर, लिंक नकोच असं पण नाही. सीट आणि प्रीलोड करूनही कमी पडलं तर? त्याचंही एकदा नीट येऊ दे इथं, कारण आमच्याकडं लोक बाजारातून मिळेल ती लिंक आणून ठोकतात.

उद्यमबाग_लेथ

होय की. लिंकचं नीट समजून घ्या, बहुतेकांचं इथंच चुकतं.

छोटा शॉकअप टाकला किंवा आत स्पेसर घातला तर ट्रॅव्हल कमी होतो, पण चाक पूर्ण दबल्यावर जिथं थांबायचं तिथंच थांबतं. लांब लिंकमध्ये ट्रॅव्हल तेवढाच राहतो आणि चाकाचा सगळा प्रवास वर सरकतो. आधी पूर्ण दबल्यावर टायर आणि आतला मडगार्ड यांत ३० मिमी राहत असतील, तर २५ मिमी लोअरिंगनंतर ५ राहतात. त्यात टायरला चिखल चिकटलेला. चोर्ल्यात मागं माणूस बसवून खड्डा लागला की टायर मडगार्ड फाडतो, तिथून जाणारी वायरिंग घासते. सपाट रस्त्यावर वर्षभर काहीच दिसत नाही, म्हणून मेस्त्री म्हणतो सगळं ठीक आहे.

तपासायचं कसं? शॉकअप काढून, स्प्रिंग कॉम्प्रेसरनं स्प्रिंग उतरवा. दोऱ्या आणि पक्कड लावून स्प्रिंग उतरवणारे बघितलेत, जबडा जाईल. शॉकअपची बॉडी उघडायची नाही, आत गॅस असतो. आता नुसती बॉडी नव्या लिंकसकट परत बसवा आणि जॅकनं चाक वर उचलत न्या, बंप रबर (शेवटचा धक्का घेणारं रबर) पुरतं दबेपर्यंत. तिथं टायरच्या सगळ्यात उंच भागापासून मडगार्डपर्यंत कमीत कमी १५ मिमी राहायला हवेत. त्याच वेळी चाक २५-२५ मिमी उचलत शॉकअप किती किती दबतो ते लिहून घ्या, तुमच्या गाडीचं खरं प्रमाण तिथं कळतं. वर जाता जाता ते बदलतंही.

जागा कमी पडली तर शॉकअपच्या रॉडवर बंप रबरच्या वर नायलॉनची चिरलेली रिंग बसवायची. २० मिमी कमी पडत असतील आणि शेवटच्या टप्प्यातलं प्रमाण अडीच असेल तर रिंग ८ मिमी जाडीची. तेवढा ट्रॅव्हल गेला हे मान्य करायचं.

किती लांब लिंक? दुसऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका. ६ मिमी पट्टीत लांबट गाळा पाडून तात्पुरती लिंक करा, गाडी उभ्या-उभ्या कमी-जास्त करून हवी ती उंची आली की मध्य ते मध्य मोजा. त्या पट्टीवर गाडी एक फूटही चालवायची नाही. बहुतेक गाड्यांत लिंक लांब केली की मागचा भाग खाली येतो, काहींची रचना उलटी असते, तेही या पट्टीवरच कळतं. मध्य ते मध्य मोजायची साधी युक्ती: दोन्ही भोकांच्या आतल्या कडांमधलं आणि बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या, बेरीज करून निम्मी करा.

खऱ्या लिंकला साधी एमएस (मऊ लोखंडाची) पट्टी नको. ईएन-८ (जास्त मजबूत स्टील), जाडी मूळ लिंकएवढी किंवा त्याहून जास्त, पण बाहेर चिमट्याला लागत नाही ना ते बघून. दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून एकदमच ड्रिल आणि रीमर. दोघींमध्ये फरक पडला तर बेअरिंगवर तिरका भार येतो. भोकाच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाएवढं तरी मटेरियल ठेवा. वेल्डिंग करून मूळ लिंक वाढवणं हे कुणी सुचवलं तर तिथून निघा. बोल्ट मूळचेच, नायलॉक नट नवीन, टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. लिंक उघडलीच आहे तर सुईचे बेअरिंग धुऊन लिथियम ग्रीस भरा, या भागातला लाल चिखल तिथं जाऊन बसतो आणि बेअरिंग जाम होतं.

२० मिमीच्या वर या वापराला मी लिंक देणार नाही. आणि लिंक बदलल्यावर सॅग (वरचं पहिलं वजा तिसरं) पुन्हा मोजायचं, कारण सुरुवातीचा भाग आणखी मऊ होऊ शकतो.

गोवावेस_गॅरेज

मागून २० काढले तर पुढूनही काढा. नाहीतर वर सांगितलेला झुकाव राहतोच, २० ला पाऊण अंशाच्या जरा वर.

पुढं सोपं आहे, फोर्कचे पाइप दोन्ही टीमधून (पाइप धरणारे वरचे-खालचे क्लॅम्प) वर सरकवायचे. इंजिनाखाली लाकडी ठोकळा आणि जॅक, पुढचं चाक हवेत. खालच्या टीचे बोल्ट आधी सैल करा, वरच्या टीचे नंतर, आणि एका वेळी एकच पाइप सरकवू नका, ॲक्सल अडकतो. वर किती पाइप निघाला ते व्हर्नियरनं दोन्हीकडं सारखं, अर्ध्या मिमीच्या आत. टीचे एम-८ बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटर. अंगाचा जोर लावून आवळले तर पाइप किंचित चपटा होतो आणि फोर्क अडखळत चालतो. मग लोक तेल बदलत बसतात.

जागेचं गणित पुढंही तेच. ट्रॅव्हल २०० मिमी. पाइप सरकवल्यावर चाक हवेत असताना टायरच्या माथ्यापासून वरच्या कुठल्याही वस्तूपर्यंत, मग तो टीला बसवलेला मडगार्ड असो वा टी, २१० मिमी तरी हवेत. खालच्या नळीच्या तोंडापासून खालच्या टीपर्यंत उघडा क्रोम पाइपसुद्धा २०० च्या वर हवा, नाहीतर दोन धातू एकमेकांवर आदळणार. मोजून जेवढं बसेल तेवढंच. २० बसत नसतील तर १५, मग मागूनही १५.

फक्त पुढून खाली घेऊन मागं तसंच ठेवणारेही आहेत, सीट थोडीच खाली येते आणि ट्रेल घटल्यामुळं हायवेला शेजारून ट्रक गेला की हँडल चुळबुळतं. निपाणी-बेळगाव पट्ट्यात ८०-९० च्या वेगात ते नको.

सरकवल्यावर हँडल पूर्ण डावीकडं-उजवीकडं फिरवून ब्रेकचा पाइप, क्लचची केबल, एबीएसची वायर ताणत नाही ना, पाइपचं टोक हँडलला लागत नाही ना बघा. चाक हवेतच आहे तर कोनसेटची (हँडल फिरतं त्या बेअरिंगची) ढिलाईही बघून टाका.

चिकोडी_काळीमाती

स्टँड विसरू नका. गाडी खाली आली आणि साइड स्टँड तेवढाच राहिला की गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. मागून कुणी हात लावला, किंवा उजवीकडं उतार असला, की पलीकडं आडवी. आमच्या काळ्या मातीत स्टँड रुततो म्हणून थोडं झाकलं जातं, डांबरावर नाही.

२० मिमी लोअरिंगला पाय साधारण २२-२३ मिमी कमी करावा लागतो, कारण तो तिरका असतो. आधी १५ कापा, गाडी टेकवून बघा, मग पुढचं. पाइप पोकळ असेल तर आत घट्ट बसणारी गोल सळई घालून वेल्ड, नुसतं टोकाला टोक जोडू नका. खालचा तळ मूळच्याच कोनात बसवायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि स्टँड गाडीवरून उतरवूनच वेल्ड करा, स्विच तिथंच असतो.

सेंटर स्टँडची गंमत वेगळी. लिंकनं गाडी खाली आली की तो लावायला तेवढीच जास्त उचल लागते. ५२ किलोला ते कठीण. मागच्या चाकाखाली २० मिमीची फळी घालून मग स्टँड लावायचा, घरी आणि गॅरेजमध्ये एक-एक फळी पडलेली बरी.

चेन: लोअरिंगनंतर चिमट्याचा कोन बदलतो, म्हणून मॅन्युअलमधलं साइड स्टँडवरचं माप आता जसंच्या तसं लागू होत नाही. इंजिनचा स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. पट्ट्यानं मागचा भाग त्या रेषेपर्यंत दाबून बांधा, तिथं चेनला १० ते १५ मिमी ढील ठेवा, मग पट्टा सोडून स्टँडवर किती ढील दिसते ते मोजा. तो तुमचा नवीन आकडा, चेनगार्डवर मार्करनं लिहून टाका.

फक्त सीट आणि प्रीलोड केलं तर स्टँडचं काही नाही. प्रीलोड १० मिमी बदललं तर चेन एकदा बघा एवढंच.

सदाशिवनगर_कागदपत्रं

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२अ, पोटकलम ४: परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीटचा फोम आणि प्रीलोड हे यात येत नाही, प्रीलोड तर कंपनीनंच दिलेली सोय आहे. चॅसिस कापणं, शॉकअपचं ब्रॅकेट हलवणं सरळ यात येतं. लिंक या दोन्हींच्या मधली. गाडी वॉरंटीत असेल तर लिंकमुळं सस्पेन्शनचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि अपघाताच्या विम्यात सर्व्हेयर बघतोच. केए-२२ असो वा एमएच-०९, नियम एकच. मूळ लिंक आणि बोल्ट ग्रीस लावून पिशवीत ठेवा.

अथणी_ऊसपट्टा

एवढं लोअरिंगवर झालं, पाय कुठं टेकायचा त्यावर कुणीच नाही बोललं. रस्त्याला पाणी जायला बाजूकडं उतार असतो, अडीच टक्के धरला तर चाकापासून ४० सेंमीवर रस्ता १० मिमी खाली असतो. आपण डावीकडून चालतो आणि डावा पाय टेकतो, म्हणजे उताराच्याच बाजूला. सीटमधून कापून काढलेल्यातले निम्मे तिथं गेले. डांबराच्या कडेला थांबलात तर पाय साइडपट्टीवर, ती ५०-७५ मिमी खाली. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर ती कडा आणखी खचवतात. ताईंना सांगा, कडेपासून दीड हात आत थांबायचं, डाव्या पायाखाली डांबर आलंच पाहिजे. मागचा हॉर्न वाजवेना का.

थांबताना ढुंगण सीटवर सरळ ठेवायचं नाही. शेवटच्या दोन मीटरमध्ये डावीकडं सरकायचं, डावी मांडी सीटच्या कडेवरून खाली, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. डावा पाय पूर्ण टेकतो. हंपावर कधी थांबायचं नाही: चाक उंचवट्यावर, आणि पाय खालच्या खोलगट भागात. चोर्ल्यात डावीकडच्या वळणात आतली बाजू खाली असते, तिथं थांबावं लागलं तर वळणाच्या आधी थांबा.

बुटाचा तळवा २५ वरून ३५ केला की १० मिमी मिळाले. चांभार करून देतो. पण गिअर लिव्हर थोडा वर घ्यावा लागतो, नाहीतर बूट लिव्हरखाली जात नाही.

निपाणी_बुलेट

मागचं टायर १२०/९० ऐवजी १२०/८० टाकलं तर?

गोवावेस_गॅरेज

मागून १२ मिमी मिळतात, म्हणजे सीटला ८-९. त्याबदल्यात मागच्या चाकाचा घेर पावणेचार टक्के कमी, खड्ड्यात रिमला मार जास्त, आणि पुढं काही बदललं नसल्यानं गाडी मागं झुकलेली. नवीन टायर घ्यायचंच असेल तरी नको.

गाडी अजून घ्यायची असेल आणि ऑफरोड हा हट्ट नसेल तर मीटिओर ३५० ची सीट ७६५ वर आहे. हिमालयन ४५० ला कंपनीची नेहमीची सीट ८२५-८४५ आणि लो सीट ८०५-८२५, म्हणजे त्यातही काम करावं लागेलच.

जांबोटीकर

सगळ्यांचे आभार. आधी सीट आणि प्रीलोड, लिंक बाजूला. मेस्त्रीला सांगितलं, तो जरा हिरमुसला. एकच शंका: हीच गाडी रविवारी मी चालवणार, ७८ किलो, मागं आई ६०. रिंग तिथंच ठेवली तर चालेल?

उद्यमबाग_लेथ

नाही चालणार. ५२ किलोवर ४८-५० बसणारी गाडी १३८ किलोवर अर्ध्याच्या पुढं बसेल आणि प्रत्येक हंपावर बंप रबरवर आदळेल. सेंटर स्टँडही खाली घासेल. तुम्ही दोघं बसणार त्या दिवशी रिंग मूळ ठिपक्यावर, म्हणजे ४ मिमी खाली. आईंच्या वजनाला लागलं तर आणखी २. आट्याचा पिच मोजून किती फेरे ते एकदाच काढा आणि हूक पाना सीटखाली टूलकिटमध्ये ठेवा. आधी लॉकरिंग सैल, मग खालची फिरवायची, मग लॉक परत आवळायचं. लॉक विसरलात तर रिंग आपोआप वर सरकते.

हेडलाइटही त्या दिवशी खाली करा. दोघं बसले की झोत वर जातोच.